देवीच्या मुंग्या

मुंग्यांचा नाद तुम्हाला कसा लागला, असं मला अजून कोणी ना कोणी विचारतं. विद्यार्थी विचारतात, कार्यक्रमाला बोलावणारे विचारतात, परवा दातांच्या डॉक्टरनेही विचारलं, तेही माझा जबडा उघडा असताना. मी दर वेळी काहीतरी शहाण्यासारखं उत्तर देते. खरं उत्तर एवढंच आहे की लहानपणी वर्षातला एक दिवस मला एका नारळाखाली बसवून ठेवत, आणि तिथे मुंग्यांशिवाय बघण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

आमचं जुनं गाव मी पाहिलेलं नाही. मी जन्मले तेव्हा ते रिकामं झालं होतं आणि मला कळू लागलं तेव्हा त्याच्यावर भातसा धरणाचं पाणी होतं. गावाच्या वरच्या अंगाला देवीची टेकडी होती, तेवढी पाण्याबाहेर राहिली. तिच्या चारी बाजूंनी पाणी पसरलेलं, कुठे निळं, कुठे डोंगराच्या सावलीत काळं, आणि मध्ये ती टेकडी, करंज, उंबर आणि कुड्याच्या झाडांनी भरलेली. आम्ही तिला बेट म्हणत नसू. बेट हा शब्द मला भूगोलाच्या पुस्तकात भेटला आणि आपण दरवर्षी जातो ते बेटच की, हे कळायला आणखी एक इयत्ता गेली. शांत दिवशी होडीतून खाली बघितलं तर आपल्याला गाव दिसेल असं मला वाटायचं. घरांची जोती, विहिरीचा कठडा, आईने लावलेली तुळस. मी होडीच्या कडेवर हनुवटी टेकून बघत राही आणि हिरव्या पाण्यात ऊन हलताना दिसे. कधी कधी त्या उन्हालाच मी आमचं अंगण मानत असे.

नवी वसाहत खर्डीच्या बाजूला. तिच्या मधोमध तात्यांचं, म्हणजे माझ्या थोरल्या काकांचं कौलारू घर, आणि अगदी टोकाला आमच्या दोन खोल्या. दोघीच राहायचो, आई आणि मी. सकाळी जाग यायची ती आई जात्यावर नाचणी दळायची त्या आवाजाने. मग चुलीत फुंकणीचा आवाज, मग परातीत भाकरीवर पडणारे थापे. पावसात आई ओढ्यातून चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरून आणी आणि पाट्यावर त्यांचे पाय ठेचून रस काढी. तो रस्सा तांदळाच्या भाकरीबरोबर खाताना आम्ही दोघी एक अक्षर बोलत नसू. भाद्रपदाच्या आसपास धरणाचे दरवाजे उघडायचे झाले की भातसानगरकडून भोंगा ऐकू येई, लांबच लांब, गाईने हंबरावं तसा, आणि वसाहतीतली म्हातारी माणसं हातातलं काम थांबवून तिकडे बघत. का बघत ते मला तेव्हा कळत नसे. आता मीही कुठलाही भोंगा ऐकला की थांबते.

माझ्या वडिलांचं नाव सदाशिव, सगळ्यांचा सदू. गाव उठणार हे नक्की झालं तेव्हा तात्यांनी, थोरले म्हणून, आधी आपल्या घराचे वासे उतरवायला घेतले. सदू आडवा आला. भिंत पाडलीस तर तुझं तोंड बघणार नाय, असं म्हणाला आणि खरोखरच निघून गेला. कोणा ठेकेदाराबरोबर तो अंदमानच्याही खाली कुठल्याशा बेटावर धक्का बांधायच्या कामाला लागला, एवढी बातमी गावाला मिळाली. त्यानंतर काही नाही. तो कुठे गेला, जगला की गेला, हे आजतागायत कोणाला कळलेलं नाही. आई शेवटपर्यंत कुंकू लावत होती. मुरबाडहून मामा तिला न्यायला यायचा, दर वर्षी, हट्टाने, आणि ती त्याला पोटभर जेवू घालून परत पाठवायची. "मी मुरबाडला गेले नि ते हितं आले तर?" एवढंच म्हणायची.

कारण तिचं म्हणणं असं होतं की तो एकदा आला होता. गाव उठून वसाहतीत गेलं त्या वर्षी कोणी भात लावला नाही, पाणी येणार म्हणून. आईने एकटीने घराजवळचा तुकडा लावला आणि तो कापल्याशिवाय हलणार नाही म्हणून जुन्या गावातच बसली. पडक्या भिंती, एक गाय आणि ती. भात पिवळा झाला होता तेव्हा एका दुपारी तो आला. हातात डालड्याचा डबा, डब्यात माती आणि मातीत कोंब फुटलेला नारळ. ही गोष्ट मी आईकडून किती वेळा ऐकली असेन! भांडी घासताना, भात सडताना, माझ्या केसांतून फणी फिरवताना. "साडी नाय, बांगडी नाय, झाड घेऊन आले," असं म्हणून ती हसायची. मला हवा असायचा तो पुढचा भाग. तिथली झाडं खाऱ्या पाण्यात पाय सोडून बसतात, समुद्र आपल्या पोपटाच्या रंगाचा असतो, तिथे संध्याकाळी खेकडे झाडावर चढतात. ते बेट मी इतकं मनात घोळवलं होतं की तिथे जाऊन आल्यासारखं मला वाटे. मी तेच तेच विचारी आणि आई तेच तेच सांगे. थोडे दिवस राहून, तो नारळ देवीच्या टेकडीवर लावून तो गेला. पुढच्या आषाढात वसाहतीत माझा जन्म झाला.

आता गावाच्या बाजूने बघा. त्याला येताना कोणी पाहिलं नव्हतं, जाताना कोणी पाहिलं नव्हतं. एकटी बाई पडक्या गावात राहिली आणि दिवस गेलेली परत आली. नारळाचं म्हणाल तर देवीपुढे वाहिलेले नारळ पडून पडून कोंब फुटतातच, त्यातलाच एखादा तिने लावला असेल. अंदमान तिने रेडिओवर ऐकलं असेल. कोणी तोंडावर वाईट बोललं नाही. आमची माणसं तशी नाहीत. तात्यांच्या घरून दर वर्षी नव्या भाताची पाटी आमच्याकडे यायची, काकी घेऊन यायची, दोन घटका बसायची. तात्या मात्र आमच्या दाराशी आले नाहीत. आणि आई त्यांच्याशी बोलायची नाही. त्यात राग नव्हता, रीतच तशी होती. थोरल्या दिराशी भावजयीने थेट बोलायचं नाही, समोर आला तर पदर पुढे ओढून भिंतीकडे बघायचं, आणि काही सांगायचंच असेल तर मध्ये कोणीतरी घ्यायचं. ते मधलं माणूस बहुधा मी असे. "तात्यांना सांग, गाय व्याली." तात्या दोन हातांच्या अंतरावर उभे असत आणि सगळं ऐकू येत असे, तरी मी ते पुन्हा सांगे आणि मग ते "बरं" म्हणत. मला त्याची फार मजा वाटायची.

माघात देवीची जत्रा. त्या दिवशी वसाहत होड्यांतून टेकडीवर जायची. ढोल, कोंबडी, नारळ, गुळाची ढेप, नवे कपडे घातलेली पोरं. देवीचा तांदळा, म्हणजे न घडवलेला दगडच, टेकडीच्या माथ्यावर, उंबराखाली, आणि त्याला शेंदूर लावायचा तो गावातल्या घराण्यांच्या पोरापोरींनी, आपापल्या हाताने, बापाचं नाव घेऊन. होडी लागली की काकी आमच्याकडे वळून म्हणायची, "तुमी दोघी नारळाखाली बसा गो, भांडी सांभाळा." देवीच्या टेकडीवर भांडी कोण चोरणार होतं? पण आई निमूट बसायची. मी बसायची. वरून ढोल ऐकू यायचा, एकेका पोराने बापाचं नाव घेतलेलं ऐकू यायचं. मी दहा-अकरा वर्षांची असताना एका मैत्रिणीने मला कारण सांगितलं. "तुझा बाप कोन ते देवीला ठाव नाय ना, म्हनून." ती दुष्टपणाने बोलली नाही, माहिती म्हणून बोलली. मी घरी येऊन आईला विचारलं. ती मासे साफ करत होती. हात न थांबवता म्हणाली, "देवीला चांगलं ठाव हाय." मग बराच वेळ ती त्याच माशाची खवलं काढत राहिली. त्याच्यावर एकही उरलं नव्हतं.

तर त्या नारळाखाली बसून मी मुंग्या बघायची. तशा मुंग्या वसाहतीत नव्हत्या, रानात नव्हत्या, शाळेत नव्हत्या. काळ्याभोर, पण मागच्या अंगावर सोनेरी लव, उन्हात आल्या की चकाकणाऱ्या. कंबरेवर दोन आकडे, मासे धरायच्या गळासारखे वळलेले. झावळ्यांच्या खालच्या बाजूला त्यांनी कसल्याशा रेशमाने पानं शिवून घरं केलेली असत आणि त्यात त्या ये-जा करत, घाई नाही, गडबड नाही. पाणी वर आलं त्यानंतरच्या पहिल्याच जत्रेला गावाला त्या दिसल्या होत्या. कोणी कधी न पाहिलेल्या मुंग्या, आणि त्याही देवीच्या पायथ्याशी! गावाने लगेच ठरवलं, बुडालेल्या गावात देवीच्या ज्या मुंग्या होत्या त्या पाण्याबरोबर वर चढून आल्या. तेव्हापासून देवीला दाखवलेल्या गुळातला पहिला खडा मुंग्यांचा. तो द्यायचा मान गावच्या थोरल्या घराचा, म्हणजे तात्यांचा. दर वर्षी तात्या गूळ घेऊन खाली नारळापाशी येत, वाकून खोडाशी ठेवत, हात जोडत. आम्ही तिथेच बसलेल्या असू. ते मुंग्यांकडे बघत, आमच्याकडे बघत नसत.

शहापूरच्या कॉलेजात मी प्राणिशास्त्र घेतलं. आमच्या मॅडम कल्याणहून येत, बारीक, चष्मा लावणाऱ्या, मुलांना दिवसभर रागावणाऱ्या. त्यांनी एकदा सूक्ष्मदर्शकाखाली एक साधी घरातली मुंगी ठेवली आणि म्हणाल्या, बघ. मी बघितलं आणि माझं जेवण राहिलं, शेवटची एसटी राहिली, त्यांनाच मला खर्डीपर्यंत सोडायला यावं लागलं. मुंगीचं तोंड म्हणजे एवढं मोठं प्रकरण असेल असं मला वाटलं नव्हतं. मग त्यांनी मला शिकवलं. कागदाचा बारीक त्रिकोण कापायचा, त्याच्या टोकाला डिंकाचा थेंब लावायचा, मुंगी त्यावर अशी चिकटवायची की पाय मोकळे राहतील, आणि त्रिकोणातून टाचणी घालायची. मग ओळख पटवायची. त्याची एक पद्धत असते. दर पावलाला दोन वाटा. कंबरेला गाठ एक की दोन? एक असेल तर इकडे या. गाठीवर काटे आहेत की नाहीत? असतील तर पुढे चला. काटे सरळ की वाकडे? असं करत करत आपण एका नावापाशी पोचतो. मला हे फार आवडलं. जगात कोण कोणाचं आहे हे इतक्या शांतपणे, कोणी कोणाला न दुखवता ठरवता येतं हे मला माहीत नव्हतं.

पुढच्या जत्रेला मी पदराआड स्पिरिटची छोटी बाटली नेली. भांडी सांभाळता सांभाळता देवीच्या थोड्या मुंग्या तिच्यात घातल्या आणि देवीला मनातल्या मनात सांगितलं की हे अभ्यासासाठी आहे. आईने बघितलं आणि बघितलं नाही असं केलं.

कॉलेजात मी वाटा चालू लागले. एक गाठ, बरोबर. काटे आहेत, बरोबर. पॉलिरॅकिस नावाची प्रजाती, इथपर्यंत ठीक. त्या प्रजातीतल्या आपल्याकडच्या जाती एकेक करून बाजूला पडल्या आणि शेवटी मी अशा जागी येऊन थांबले जिथून दोन्हीकडे वाट नव्हती. कोणाचेच काटे तसे वळत नव्हते, कोणाचीच लव तशी सोनेरी नव्हती. मॅडमनी स्वतः तपासलं, पुन्हा तपासलं, चष्मा काढून पुसला. "अगं, ही नवीन जात असली तर?" त्या म्हणाल्या आणि पहिल्यांदाच माझ्या खांद्यावर हात ठेवला. धरणाच्या पाण्याने तुटलेली टेकडी, तिच्यावर उरलेली, जगात कोणाला माहीत नसलेली मुंगी. तिला नाव आपण द्यायचं. मॅडम देवीचं नाव द्यायचं म्हणत होत्या. मी रोज येता-जाता ते नाव शेवटी लॅटिनचा प्रत्यय लावून म्हणून बघायची. मला हवेत चालल्यासारखं होत होतं. आमच्या बुडालेल्या गावातलं काहीतरी जगाच्या पुस्तकात जाणार होतं.

पण नवीन म्हणण्याआधी जुन्यांशी ताडून बघावं लागतं. त्यासाठी आम्ही दोघी रेल्वेने लांबच्या एका मोठ्या शहरात गेलो, तिथे जुन्या कीटकांचा मोठा संग्रह आहे. उंच छताची खोली, डांबराच्या गोळ्यांचा वास, भिंतभर लाकडी खण. तिथले म्हातारे गृहस्थ, उन्हाळ्यातही स्वेटर घालणारे, माझ्या मुंगीकडे बराच वेळ बघत राहिले. मग उठले, शिडीवर चढले, वरचा एक खण काढून आणला. त्यात एका कोपऱ्यात, कधीकाळी कोणा साहेबाने टोचून ठेवलेल्या इनमिन तीन मुंग्या होत्या. धूळ बसलेल्या, एकीचं डोकं गेलेलं. त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. मागच्या अंगावर सोनेरी लव. कंबरेवर गळासारखे दोन आकडे, तसेच वळलेले.

"ही फार कमी लोकांना माहीत असलेली जात आहे," ते म्हणाले. "एका बेटावरची. अंदमानच्या खाली आहे ते बेट. तिथून बाहेर, मुख्य भूमीवर, कोणी पाहिल्याचं मला तरी माहीत नाही. तुम्हाला कुठे मिळाली?"

"बेटावरच," मी म्हणाले.

मॅडमचा चेहरा उतरला होता. नवीन नाही म्हणजे नाव द्यायचं नाही. गृहस्थ समजुतीने सांगत होते की असं होतं, अशा मुंग्या स्वतःहून समुद्र ओलांडत नाहीत, पण लाकडाबरोबर, रोपाबरोबर, कुंडीतल्या मातीबरोबर जातात. माणूस नेतो आणि त्याला पत्ताही नसतो. "तिकडून तुमच्याकडे कोणीतरी झाड आणलं असणार," ते म्हणाले, आणि मी त्या खणावर डोकं टेकून रडायला लागले. त्यांना वाटलं पोरगी निराश झाली. त्यांनी चहा मागवला, बिस्किटं मागवली, मला सांगितलं की अजून तरुण आहेस, नव्या जाती पुष्कळ सापडतील. मॅडम पाठीवरून हात फिरवत होत्या. आयुष्यात इतका आनंद मला पुन्हा झाला नाही, पुढे खरोखरच्या नव्या जातीला नाव दिलं तेव्हाही नाही.

घरी येऊन मी आईला सांगितलं. ती वाल सोलत होती. शांतपणे ऐकून म्हणाली, "त्या व्हय? त्या डब्यातच व्हत्या की. नारळ लावताना माझ्या हाताला कडकडून चावल्या."

"आणि तू हे कधी बोलली नाहीस?"

"मला काय ठाव त्या हितल्या नायत? मुंगी ती मुंगी." मग तिने सोललेला वाल सालांत टाकला आणि साल ताटात, आणि मला कळलं की वरून दाखवते तितक्या सहज ती हे घेत नाहीये.

जत्रेची वाट मी अशी कधी पाहिली नव्हती. काय बोलायचं ते मी पाठ केलं होतं, कोर्टात उभं राहायचं असल्यासारखं. नारळाखाली आम्ही नेहमीप्रमाणे बसलो. वर ढोल सुरू झाला. तात्या गूळ घेऊन खाली आले. गुडघे गेले होते त्यांचे, एकेक पाऊल टाकत आले, वाकले.

"तात्या, ह्या मुंग्या देवीच्या नायत," मी म्हणाले.

"मंग कुनाच्या?"

"बाबाच्या."

ते तसेच वाकलेले राहिले. पाठ केलेलं सगळं माझ्या डोक्यातून उडालं. मी जमेल तसं सांगितलं, की अशा मुंग्या अख्ख्या जगात अंदमानखालच्या एका बेटावर आहेत आणि इथे या टेकडीवर आहेत, मधे कुठेच नाहीत. तिथल्या मुंग्या टाचणीला टोचलेल्या मी माझ्या डोळ्यांनी बघितल्या. त्या पोहत नाहीत, समुद्रावरून उडून येत नाहीत. कोणीतरी मातीच्या डब्यातून आणल्या. "आपल्यातलं अंदमानला कोन गेलं व्हतं, तात्या?"

त्यांच्या तळहातावर गूळ तसाच होता. घामाने तो वितळायला लागला आणि मुंग्या खोडावरून त्यांच्या बोटांवर चढल्या. त्यांनी हात झटकला नाही. वीस वर्षं ते या मुंग्यांना गूळ घालत आले होते, हात जोडत आले होते. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. मला त्यांना खाली मान घालताना बघायचं होतं. पण त्या तोंडावर मला जे दिसलं त्याची मी कल्पना केली नव्हती. आईचं म्हणणं खरं मानायचं म्हणजे काय होतं, हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सदू आला होता हे खरं, तर धाकटा भाऊ एवढ्या लांबून, चालत जाण्याच्या अंतरावर येऊन, थोरल्याचं तोंड न बघता परत गेला होता, कायमचा. त्यापेक्षा तो आलाच नाही हे मानणं तात्यांना सोपं गेलं असणार.

ते हळूच खाली बसले, मातीतच. आणि माझ्याकडे नाही, आईकडे बघून म्हणाले, "शेवंते." तिचं नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. "तो आला व्हता, तर माझ्याकडं का नाय गो आला?"

आईने पदर पुढे ओढला. सवयीने माझ्याकडे वळली. "तात्यांना सांग..." म्हणाली आणि थांबली. मग पदर तसाच हातात धरून सरळ त्यांनाच म्हणाली, "आले व्हते ना. एके दिशी सांजचे वसाहतीकडं गेले. तुमी घराला कौलं चढवत व्हते. आंब्याच्या आडून बघत राहिले बराच टाइम नि तसेच मागे आले. मला म्हनाले, दादा एकटाच वर चढलाय, खाली धरायला कोन नाय. मधला वासा तिरपा बसलाय त्याचा."

तात्यांच्या घराला कौलं चढली त्याच वर्षी माळा ठोकला होता. मधला वासा तिरपा आहे हे माळ्यावर चढल्याशिवाय दिसत नव्हतं, आणि आई त्या घराच्या ओटीपलीकडे कधी गेलेली नव्हती. मी हे काही त्या क्षणी जुळवलं नाही. मला फक्त तात्या दिसत होते. ते दोन-तीनदा "मधला वासा" असं स्वतःशीच म्हणाले. मग म्हणाले, "जेवला पन नव्हता आसल तो... का नाय बोलली गो इतकी वर्सं?"

"आले व्हते इतकं पहिल्याच दिशी सांगितलं," आई म्हणाली. "पुढचं कोनी विचारलंच नाय."

वरून काकीच्या हाका येत होत्या, देवीपुढे खोळंबा झाला होता. त्या वर्षी मी शेंदूर लावला की नाही ते मला आठवत नाही. त्यानंतर दर वर्षी लावला, सदाशिवाचं नाव घेऊन, मोठ्याने, एवढं आठवतं.

आठवतं ते परतीचं. तात्या त्यांच्या होडीत न बसता आमच्या होडीत आले. ऊन उतरलं होतं, पाणी तुपासारखं स्थिर होतं. होडी टेकडीपासून सुटली. मग तात्यांनी विचारलं, लाकडासारखा वाळला व्हता का गो? आई म्हणाली, नाय, चांगले भरलेले, काळे झालेले पन. दाढी? व्हती. काय खाल्लं त्यानं? नव्या भाताची पेज, चिंबोऱ्या, एक दिवस हट्टानं कुळथाची पिठी करायला लावली. तात्या हसले. "पिठी! आयच्या हातची लागायची त्याला." आई आधी पदराआडून बोलत होती, मग पदर मागे सरकला तो तिने पुढे ओढलाच नाही. मी आजवर ऐकलेल्या गोष्टीत यातलं काहीच नव्हतं. मी समुद्र विचारत राहिले होते, आणि तात्या भाऊ विचारत होते. होडी वल्हवणाऱ्याने हात सैल सोडले होते. खाली आमचं गाव होतं आणि मी त्या दिवशी वाकून बघितलं नाही.

होडी काठाला लागली. वल्हवणाऱ्याने दोर बांधला, वसाहतीतली पोरं ओरडत पुढे धावली. तात्या उठले नाहीत.

"नि जाताना?" त्यांनी विचारलं. "जाताना काय बोलला तो?"

आई सांगू लागली, आणि आम्ही सगळे होडीतच बसून राहिलो.